जित्या हवालदाराचा दगड

९ जानेवारी ५८, गुरुवार

हिंगणघाटची जिन सुटली. मी सोडली म्हणतो, मुकादम म्हणतो त्यानं हाकललं. सरकी काढायच्या रेच्यावर पाहिजे तेव्हा मी नदीच्या पुलावर, हे खरं आहे. पुलाखाली एक जण कमरेएवढ्या पाण्यात जाळं टाकून राह्यलता. ते सोडून कापूस कोण पाहील.

पुलगावहून लहान गाडीनं रोहणा, पुढं पायी. वाटेत बोरं पिकलेली, म्हणून उशीर. गावात शिरलो आन् थांबलोच. दवाखान्याच्या भिंती छतापर्यंत! दिवाळीले कमरेएवढ्या होत्या. कवडूमामा छपरावर, अंगात तोच फौजेतला कोट. खाली पोरांची रांग हातोहात कवेलू वर देऊन राह्यली. कुणब्यांची, तेल्यांची, आपल्या मोहल्ल्यातली, एकाच रांगेत. मामा वरून ओरडते, "लेफ्ट! अबे लेफ्ट म्हंजे डावा! ज्या हातानं जेवत नाई तो!"

मले पाह्यलं. "आली भिंगरी. लाग रांगेत."

पिशवी खांद्यावरच होती, हातात कवेलू आलं.

१० जाने.

आंग दुखते. मामी म्हणाली, जिनमधी काय हात जोडून बसत होता काय?

रोजनिशी पुन्हा सुरू करतो. मामानं विचारलं, वही आहे का? आहे. लिहितं का? लिहितो अधूनमधून. "फौजेत अधूनमधून नसते," म्हणे.

दवाखान्याचं एकदा लिहून ठेवतो, नाहीतर मीच विसरीन. हैज्याच्या साली, गावात हगवण-ओकारी पसरली तेव्हा, मामानं आजारी माणसं बैलबंडीत घालून आर्वीकडे नेली. नदीले पूर. काठावरच दोन लेकरं गेली, एक आपल्या मोहल्ल्यातलं, एक पाटलाच्या घरचं. दोघं एकाच बंडीत होती. दुसऱ्या दिवशी मामानं कोट घातला आन् घराघरात गेला. आमच्याही, त्यांच्याही. ओसरीखाली उभा राहून एकच बोलला, "मले दवाखाना पाह्यजे. पैसा नाई मागत. हात मागतो." तेव्हापासून दर आठवड्याले एका घरचा एक माणूस कामावर. जनपद सभेच्या साहेबापाशी खेटे मारून कंपाउंडर मंजूर करून आणला तोही मामानंच. मी तेव्हा कुठं होतो? बहुतेक आष्टीच्या बाजारात, बांगड्यावाल्यासंगं. काचेच्या बांगड्या भरताना बाया काय काय बोलतात ते वेगळंच लिहायला पाहिजे कधीतरी.

१२ जाने., रविवार

मोठी गोष्ट. नीट लिहितो.

संध्याकाळी ग्रामपंचायतीची बैठक, दवाखान्याच्या ओसरीवरच. मी कवेलूच्या ढिगावर बसून पाहत होतो. सरपंच नामदेवराव उठले. पाटलाच्या घरचे, त्या पुरातल्या लेकराचे काका. म्हणाले, "छत झालं. आता दाराच्या वर नाव लागन. माह्यं म्हणणं, हवालदाराचं लागावं."

माझ्या कानात ढोल.

एक जण बोलला, "गावाचा दवाखाना म्हणा न, झालं. माणसाचं नाव कायले?"

दुसरा म्हणाला, "द्याचं तं द्या, पण 'कवडू' काय? साहेब लोक हासन. 'वीर हवालदार' असं काई लिहा."

मामा खांबाले टेकून बसलता. उठला नाही. "ब्रह्मदेशात गोरा साहेब मले कवडू म्हणूनच हाक मारे. मी यस सर म्हणो. तो नाई हासला. तुमी काऊन हासता?"

मग हासले सगळेच, पण ते वेगळं हासणं होतं. नामदेवरावांनी विचारलं, हवालदार, तुमाले चालते ना? आता मामा नाही-नको करीन असं वाटलं. मोठी माणसं करतात तसं. मामा म्हणाला, "चालते म्हंजे? पाह्यजेच. आन् मी जिता असताना पाह्यजे. मेल्यावर मी काय वाचू?"

घरी येताना मले म्हणाला, "शालिक, मी शाळेच्या भिंतीले बाहेरून टेकून बसो. आत मास्तर शिकवे, मले अर्धं ऐकू ये. पाऊस आला का तेही नाई. लिहाले बराकीत शिकलो, मिशी आल्यावर. पह्यलं काय लिहिलं? गोळ्याच्या पेटीवर कोळशानं, कवडू." थोडं चालला. "आता एक भिंत माह्या नावाची."

छाती अशी फुगली की मोहल्ल्यात वाकून शिरावं लागलं असतं.

१३ जाने.

मामी नाही म्हणते.

भाकर थापता थापताच म्हणाली, मान वर न करता. "जित्या माणसाचं नाव दगडावर नाई कोरत. कोणी पाह्यलं का कुठं? दगडावर नाव मेलेल्याचं असते."

मामा: "आपण दीक्षा घेतली ना नागपूरले? यम-बिम सोडले ना?"

मामी: "म्या सोडला. त्यानं मले सोडलं काय?"

मले हासू आलं, मामानं पाह्यलं, मग मले नाही आलं.

मग मामीनं ते सांगितलं जे मी लहानपणापासून अर्धवट ऐकत आलो. मामाच्या आधीची भावंडं जगली नाहीत. म्हणून मामा झाला तेव्हा मायनं त्याले सुपात घालून उकिरड्यावर ठेवला आन् शेजारणीनं एका कवडीले विकत घेतला. म्हणून ते नाव. मामी नाव घेत नाही, "ते नाव" म्हणते. "यमाले वाटलं, कवडीमोलाचा हाय, जाऊ द्या. तसा वाचला तुहा मामा. युद्धातूनही तसाच आला. जे नाव ठेवून यमाले फसवलं, तेच आता दगडावर कोरून त्याले पत्ता देता?"

मामानं ताट सरकवलं. दोन भाकरी खाणारा माणूस अर्धीवर उठला.

१५ जाने.

काल संक्रांत. मामीनं तिळाचा लाडू मले दिला, मामाले दिला, मामाशी बोलली नाही. गोड बोला म्हणायचं तेवढं मीच दोघांच्या वतीनं बोललो.

आज तोडगा निघाला. मामा म्हणाला, दगड घडवून आणू दे. भिंतीले तुह्या 'हो' शिवाय नाई लागणार. फौजीचा शब्द. मामी म्हणाली, "मंग पडून राह्यन तो दगड." "राहू दे."

दगड आणाले कोण जाईन? दोघांनीही माझ्याकडे पाह्यलं. पुलगावचा पाथरवट मले माहीत आहे. मले सगळ्या गावचं कोणी ना कोणी माहीत असतं, त्याचा उपयोग आज पह्यल्यांदा झाला.

मामानं कागदावर स्वतः लिहून दिलं, मोठ्या अक्षरात: हवालदार कवडू ताकसांडे दवाखाना. मले म्हणाला, "सरळ जाजो. सरळ येजो." मामी म्हणाली, "हा? सरळ?"

१८ जाने., पुलगाव

पाथरवट म्हातारा आहे, स्टेशनच्या मागं बसतो. कागद वाचला. विचारलं, "कधी वारले?"

"कोण?"

"हेच. हवालदार."

म्हटलं जिते आहेत, छपरावर चढतात. त्यानं छिन्नी खाली ठेवली. "जित्याचं नाव म्या अजून नाई कोरलं." जरा वेळ विडी ओढली. मग म्हणाला, "पण छपरावर चढते म्हंतो तं..." आन् मापं घ्यायला लागला. तीनचार दिवस लागतील.

तीनचार दिवस मी काय करू? तंबूतला सिनेमा आला आहे. पडद्याच्या मागच्या बाजूनं फुकट दिसतो. हिरो डावखुरा दिसतो एवढंच.

२१ जाने.

तोच सिनेमा पुन्हा. आता हिरोईन माझ्याशीच बोलते.

दगड झाला. राखाडी, हातभर रुंद, त्याहून लांब. अक्षरं खोल, कडा धारदार. मी सगळ्यांत आधी 'कवडू'वर बोट फिरवलं. पाथरवट म्हणाला, भिंतीत बसवल्यावर अक्षरात काळा भरा, त्याशिवाय दुरून वाचता नाई येणार. रंगाची एक डबी दिली, लहानशी, झाकण घट्ट. जपजो म्हणे, तेलाचा रंग आहे.

उद्या गाडी. गुलाबले निरोप धाडला आहे, रोहण्याच्या स्टेशनवर बंडी घेऊन येजो म्हणून. गुलाब आपल्याच मोहल्ल्यातला, माझ्या बरोबरीचा.

२२ जाने., बुधवार

काय दिवस!

पु.गाव स्टेशनवर झेंडूचा हार घेतला, दगडाले घातला. नुसताच कसा नेऊ? डब्यात सगळे वाकून वाकून वाचत होते. मी प्रत्येकाले सांगितलं, माझा मामा. एका मारवाड्यानं हात जोडले. गार्डनंही नमस्कार केला. मी उभाच राह्यलो पूर्ण रस्ता, दगडाशेजारी, शिपाई उभा असतो तसा.

गुलाब बंडी घेऊन आलता. पण बंडीले जुंपलेली जोडी पाह्यली आन् समजलं. वाटेतल्या गावी आज शंकरपट. गुलाबले बैल पळवायचे आहेत. म्हणाला, "अर्धा घंटा." मी म्हटलं सरळ जायचं आहे बे. तो म्हणाला, पट सरळच असते.

पटावर ही गर्दी! तीन जिल्ह्यांचे लोक असतील. बंडीत पोट्टे चढून बसले, दगडावर पाय देऊ लागले, तं मी आन् गुलाबनं तो उतरवला. वाटेच्या कडेला कडुनिंब, त्याच्या बुडाशी उभा टेकवला. हार नीट केला. अक्षरं वाटेकडे, म्हणजे लोकांनी वाचावं.

मग पट. गुलाबची जोडी दोनदा सुटली. पहिल्यांदा तिरपी गेली, लोकांच्या अंगावर. दुसऱ्यांदा अशी वाऱ्यासारखी सुटली की मी ओरडून आवाज घालवला. बक्षीस नाही, पण शाबासकी.

सूर्य कलल्यावर कडुनिंबापाशी आलो आन् पाहतच राह्यलो. दगडापुढे फुलांचा ढीग! कोणी गुलाल टाकला, कोणी खोबऱ्याचा तुकडा ठेवला. एक म्हातारी पदर तोंडाले लावून उभी. मी विचारलं, आजी, ओळखत होतीस का हवालदाराले? म्हणाली, "माह्या पोराले खांद्यावर घेऊन आर्वीले गेलता बाप्पा." आन् रडायला लागली. एवढं प्रेम! दोन माणसं टोपी काढून उभी राह्यली, वाचली, हळूहळू निघून गेली. एक सायकलवाला तं वाचून उलट्या दिशेनंच गेला, आमच्या गावाकडे, जोरात.

परमुलुखात, पटाच्या गर्दीत, माझ्या मामाच्या नावापुढं माणसं थांबतात. मामीनं हे पाह्यलं असतं तं नाही म्हणाली असती का?

इथंच मुक्काम. पटावर रात्री दंडारीचा खेळ आहे, नाच्या पोट्टा भारी आहे म्हणतात. सकाळी निघू.

२३ जाने.

सगळं लिहितोच.

सकाळी निघालो. गावाच्या अलीकडे दोन बाया दिसल्या, डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत भाकरी फडक्यात बांधलेल्या. रडत चालल्या होत्या. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, सोयरे असेच भाकरी घेऊन जातात. विचारलं, कोणाकडं माय?

"तुह्याच गावाले. हवालदार गेला ना."

मले काहीच ऐकू आलं नाही मग. गुलाब म्हणते मी बंडीतून उडी टाकली आन् पळालो. मले आठवत नाही. एवढंच आठवते की मनात एकच, दगड. दगडानं नेला. मामी खरं बोलत होती. मीच घातला हार, मीच पत्ता दाखवत गेलो डब्याडब्यात.

मोहल्ल्यात शिरलो. गर्दी. अंगण भरलेलं, वाट भरलेली. बाया एका बाजूले. कोणी गळा काढलेला. मी माणसं बाजूले सारत आत घुसलो, "मामा! मामा!" ओरडत.

"काय बे?"

खाटेवर बसलता. हातात चहाची कपबशी. अंगात कोट.

मी त्याच्या पायावर पडलो की खाटेवर, माहीत नाही. चहा सांडला. मामा म्हणाला, "दगड कुठी ठेवलता?"

म्हटलं, कडुनिंबाखाली. वाटेवर. हार घालून.

आधी मामाच हासला. मग कोणीतरी मागं. मग सगळं अंगण. त्या रडणाऱ्या बायाही. मले कळायला वेळ लागला. गुलाबची बंडी तेवढ्यात आली, मागं दगड, वर कालचा गुलाल. लोकांनी दगड पाह्यला, मामाले पाह्यलं, मले पाह्यलं. पुढचं लिहीत नाही. 'बह्याड' हा त्यातला सगळ्यांत गोड शब्द.

(नंतर)

थांबत नव्हते लोक. येतच होते. ज्यांना वाटेत कळलं तेही आलेच, म्हणे निघालोच आहे तं भेटून जाऊ. नदीपलीकडून मामाच्या पलटणीतला एक जण आला, काठी टेकत. मामाले जिता पाह्यलं, ताठ उभा राह्यला, सलाम ठोकला आन् मग, "साल्या, मेला नाई तं मले एवढं चालवलं कायले?" गळ्यात पडले दोघं.

मामाले मग काय सुचलं. खाटेवर नीट बसला. "आलेच आहा तं जे बोलणार होते ते बोलून टाका. मी ऐकतो."

त्या पलटणवाल्यानंच सुरुवात केली. जंगलात मामानं त्याले पाठीवर घेतला ते. मग एक तेली म्हणाला, माह्या पोरीले देवी निघाल्या तं हा रोज येऊन दारात उभा राहे. मग एकेक. मामा मधी मधी दुरुस्ती करे, "तो पाय नोता, खांदा होता." "रोज नाई, एक दिवस सोडून." मी खांबामागं उभा. आपण ज्याच्या घरी खातो तो माणूस एवढा मोठा आहे हे मले असं, पाहुण्यांसारखं कळावं?

आन् मग ते झालं. नामदेवरावांची म्हातारी माय आली. सून हात धरून आणत होती. ही बाई आपल्या मोहल्ल्यात कधी शिरली नाही. तिचा नातू त्या बंडीत गेला तेव्हाही नाही. तिले कोणी वाटेत सांगितलं नव्हतं. अंगणात येऊन मामापुढे उभी राह्यली, डोळे बारीक करून. "कवडू? जिता हायेस काय रे बाप्पा?"

मामा उठून उभा राह्यला. "हाय पाटलीणबाई."

म्हातारी ओशाळली. इकडे तिकडे पाह्यलं. आता मागं फिरेल असं वाटलं. मग मामीकडे वळून म्हणाली, "आली आहे तं पाणी दे व. उन्हाची चालत आली."

मामी जागची हलेना. मग आत गेली, तांब्या घेऊन आली. म्हातारीनं ओंजळ नाही धरली. तांब्या घेतला, तोंडाले लावला आन् सगळा प्याली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "आडाचं हाय ना? गोड हाय."

एवढंच. मी इथं जास्त लिहीत नाही.

२४ जाने.

काल आलेल्या भाकरी मामीनं परत नाही दिल्या. म्हणाली, अन्न हाय. वांगी भाजली, मिरचीचा ठेचा केला आन् सगळ्यांना अंगणातच बसवून जेवू घातलं. मयतीच्या भाकरी, जिता माणूस वाढून राह्यला. "घ्या अजून, माह्या मयतीची हाय, लाजू नका."

आज सकाळी चुलीपुढं मामी एकदम म्हणाली, "मेल्याची खबर खोटी पडली का आयुष्य वाढते."

मामा चहा पीत होता. काही बोलला नाही. हुशार आहे.

"तुमचे मयतीचे पाहुणे जेवून गेले. आता यम आला तं त्याले काय ठेवलं वाढाले?"

मामानं बशीत चहा ओतला.

"लावा तो दगड."

मी ओरडणार होतो, मामानं डोळ्यानंच दाबलं. कारण मामीचं संपलं नव्हतं. "पण काळा भराचा नाई. नुसता कोरलेला राहू द्या."

"मंग वाचन कोण?"

"जवळ येईन तो. यम वरून जाते, त्याले नाई दिसलं पाह्यजे."

"यमाले वाचता येते काय?"

"मले कुठी येते?" मामी म्हणाली. "म्हणून भीती गेली काय?"

३१ जाने.

दगड बसला. दाराच्या बाजूनं, छातीच्या उंचीवर, वर नाही. मामीचंच म्हणणं. चुन्याच्या गवंड्यानं दोरी लावली, मामानं तीनदा तपासली. नामदेवरावांनी नारळ नाही फोडला, चुन्याची पहिली थापी मारली. ज्यानं गावाचा दवाखाना म्हणा म्हटलं होतं तोही आला, दगड धरायला हात लावला. मी पाह्यलं त्याच्याकडे, त्यानं माझ्याकडे. काही नाही.

दुपारी पाह्यलं तं नाव दिसतच नाही! राखाडीत राखाडी. मामा दूर जाऊन उभा राह्यला, जवळ आला, पुन्हा दूर. तोंड उतरलं. "कंपाउंडर येईन, साहेब येतीन, तं काय वाचतीन? भिंत?"

मी म्हटलं उघडायच्या दिवशी कोळसा घासून देतो. मामी दूरून: "ऐकते मी."

३ फेब्रु.

शाळा सुटली का लेकरं येतात आन् अक्षरांत बोटं घालून वाचतात. ह, वा, ल. लहानी पोट्टी तं फक्त 'क' शोधते. मामा ओसरीवर बसून त्यांच्या चुका काढते. कोणाचं बोट, कोणत्या मोहल्ल्याचं, ओळखू येत नाही, सगळ्यांचीच मळकी.

हिं.घाटहून निरोप आला, दुसऱ्या जिनमधी माणसं पाहिजेत. पायाले खाज सुटली आहेच.

५ फेब्रु.

आज सकाळी दिसलं.

सूर्य नुकताच वर आलता, ऊन तिरपं. मी नदीकडून येत होतो. दवाखान्याच्या भिंतीवर नाव असं उभं राह्यलं की मी वाटेतच थांबलो. प्रत्येक अक्षरात सावली भरलेली, काळी कुळकुळीत. कोणत्याही रंगानं एवढं काळं नसतं झालं. दुरून, पार पाणवठ्यापासून वाचता येत होतं. हवालदार कवडू ताकसांडे दवाखाना.

पळत जाऊन मामाले उठवलं. तो कोट घालूनच आला. (झोपेत घालतो काय?) उभा राह्यला. वाचलं, ओठ हलवत, बराकीत वाचलं असेल तसंच. ऊन वर चढलं तसं एकेक अक्षर गेलं. सगळं गेल्यावरही उभाच.

"रोज येईन हे?"

"ऊन रोज येते, मामा."

मागं वळलो तं मामी. पाणी आणाले निघाली असेल, डोक्यावर रिकामा पितळी गुंड. किती वेळची उभी होती कोण जाणे. आमच्याशी बोलली नाही. मामा पुढे गेला तशी दगडापाशी आली, मोकळा हात पुसला लुगड्याले आन् अक्षरांवरून एकदा फिरवला. 'कवडू'वर नेमका थांबला. वाचता येत नाही तिले. कसं कळलं, मी विचारलं नाही.

६ फेब्रु., गुरुवार

कंपाउंडर पुढच्या महिन्यात येतो म्हणतात. मग उघडणं.

पिशवी बांधली. मामानं विचारलं, ती रंगाची डबी कुठी हाय? म्हटलं पिशवीत, टाकून देऊ काय? म्हणाला, "ठेव तुह्यापाशी. मी गेलो म्हंजे तू येऊन भरजो. तुह्या मामीनं तेव्हासाठी ना नाई केली, मी विचारलं."

म्हटलं, मामा, मी कुठं असन काय सांगता येते? आज हिं.घाट, उद्या कुठं.

"आपल्या इकडं खबर पोचते," मामा म्हणाला. "खोटीही पोचते, तं खरी नाई पोचन?"

मामी आतून, "पोट्ट्याले जाताना काय सांगता हो असं!" मग मले, "दिवाळीले येजो. त्याच्यासाठी नाई. जेवाले."

हो म्हटलं.

डबी पिशवीत तळाशी ठेवली, कपड्यांत गुंडाळून. हलवली तं आत रंग डुचमळते. कोण जाणे किती वर्ष टिकते तेलाचा रंग. पाथरवटाले विचारायचं राह्यलं.

रोहण्याची गाडी उद्याची आहे. ती धरायची तं तांबडं फुटायच्या आधी निघावं लागते, म्हणजे सकाळचं ऊन वाटेतच येईन, दगडापाशी नाही.

परवाचीही गाडी आहे.